भिडूचा कॅट

पत्ते खेळणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजाने फार पूर्वीच निकाल देऊन ठेवला आहे. पैसे लावून खेळतो तो जुगारी आणि न लावता खेळतो तो रिकामटेकडा. या निकालावर अपील करण्याचा आमचा विचार नाही. कारण दोन्ही वर्गांत आमचे पुष्कळ स्नेही आहेत. आमची तक्रार इतकीच की, पत्त्यांचे गुणदोष सांगणारे लोक खेळाकडे पाहतात ते जिंकणाऱ्याच्या किंवा हरणाऱ्याच्या अंगाने. भिडू म्हणून जो एक प्राणी समोर मांडी घालून बसलेला असतो, त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.

भिडू हा प्रत्येक खेळात असतो असे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा रंगांची मिळून १२० वाटोळी पाने असतात. पण ती खेळताना प्रत्येक गडी आपल्यापुरता असतो. झब्बू, गुलामचोर, बदाम सात हेही सारे आपमतलबी खेळ. भिडूचे खरे राज्य मेंढीकोटात. चार गडी, समोरासमोरच्या दोघांची जोडी, प्रत्येकास तेरा पाने आणि चार दश्श्यांसाठी सगळा झगडा. तीन दश्श्या ज्यांनी नेल्या त्यांचा डाव. दोन दोन झाल्या तर ज्यांचे हात अधिक त्यांचा. आणि चारही एकाच जोडीकडे गेल्या म्हणजे कोट.

देवळाली प्रवरेस हा खेळ आम्ही शिकलो तो पाटाच्या पाण्याच्या आधाराने. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर प्रवरेकाठच्या या मुलखात ऊस वाढला आणि उसाबरोबर रात्रीची जागरणेही वाढली. पाण्याची पाळी रात्री बारानंतरची असली म्हणजे बांधावर जागत बसण्याखेरीज गत्यंतर नसे. आणि जागत बसावयाचे तर घोंगडीवर मांडलेल्या पत्त्यांसारखे दुसरे साधन नाही. कंदिलाच्या उजेडात किलवर आणि इस्पिक यांतील भेद ओळखण्याची कला ज्याने त्या वयात संपादन केली, त्याला पुढे आयुष्यात चाळिशी जरा उशिरानेच लागते, असा आमचा अनुभव आहे.

मेंढीकोटातील भिडूचे काम वरून फार सोपे दिसते. समजा, भिडूने बदामाचा एक्का उतरला आणि आपल्या हाती बदामाची दश्शी व तिर्री अशी दोनच पाने आहेत. मधल्या गड्याने मुकाट्याने बदामाची पंजी टाकली आहे. आता दश्शी टाकावी की तिर्री? एक्क्यावर दश्शी टाकली तर ती आपल्या घरात आली, हे खरे. परंतु आपल्यामागून अजून एक गडी पान टाकावयाचा आहे आणि त्याच्या हाती बदाम नसेल तर हुकमाच्या दुर्रीनेही तो एक्का आणि दश्शी दोन्ही कापून नेईल. हा विचार मनातल्या मनात, भिडूच्या तोंडाकडे न पाहता करावयाचा. बोलणे निषिद्ध, खोकणे संशयास्पद आणि डोळा मिचकावणे हा तर उघड गुन्हा. अशा निःशब्द साहाय्यात ज्यांनी वर्षे काढली, त्या जोडीदारांमध्ये कधी कधी भावाभावांतही न आढळणारा विश्वास उत्पन्न होतो. दश्शी चुकीच्या हातावर पडली म्हणून जोड्या फुटल्याचीही उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. पण तो विषय निराळा.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याचा अकरा वर्षांचा मुलगा पुण्याहून सुट्टीस आला, तो बरोबर एक जड पेटी घेऊन. पेटीत पत्ते होते, परंतु त्यांत एक्का नव्हता की राणी नव्हती. 'मार्व्हल चॅम्पियन्स' असे त्या खेळाचे नाव. अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्स या मंडळीने तो २०१९ साली काढला. यात खेळणारे एकमेकांवर कुरघोडी करीत नाहीत. एकापासून चौघांपर्यंत सगळे एका बाजूस आणि समोर खलनायक, जो कोणी मनुष्य खेळत नसून पत्त्यांचा एक ढीगच आपल्या नियमांनी खेळत असतो. जिंकले तर सगळे जिंकले, बुडाले तर सगळे बुडाले. मुलाने हे सांगताच आम्ही म्हणालो, "म्हणजे सहकारी सोसायटीच की!" ज्या जिल्ह्यात लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेथल्या माणसास हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. त्या तत्त्वाचे पुढे काय काय होते, हेही सांगावे लागत नाही.

या खेळातील नवलाची गोष्ट ही की, पत्ते वाटले जात नाहीत. आपला कॅट आपणच आधी रचून आणावयाचा. प्रत्येकाने एक वीर निवडावयाचा. त्या वीराची स्वतःची १५ पाने ठरलेली. उरलेली पाने आपल्या पसंतीची, मात्र एकंदर संख्या ४० हून कमी नको आणि ५० हून अधिक नको. मूळ पेटीतील पसंतीच्या पानांचे चार पंथ आहेत: आक्रमण, न्याय, नेतृत्व आणि रक्षण. पैकी एकच पंथ धरता येतो; जोडीस कोणत्याही पंथाची नसलेली साधी पाने घेता येतात. पान खेळावयाचे तर त्याची किंमत हातातील दुसरी पाने टाकून चुकवावी लागते. एक पान खेळण्यासाठी तीन चांगली पाने टाकून देण्याचा प्रसंग आला म्हणजे मेंढीकोट खेळलेल्या माणसाच्या पोटात कालवाकालव होते.

मुलाने आपल्यासाठी आयर्न मॅन निवडला. हा वीर मोठा चमत्कारिक आहे. वीररूपात आरंभी त्याचा हात अवघ्या एका पानाचा. चिलखत, शिरस्त्राण, हातमोजे, पादत्राणे ही यंत्रे अंगावर चढतील तसतसा तो हात वाढत सात पानांपर्यंत जातो. म्हणजे सुरुवातीस पांगळा आणि शेवटी अजिंक्य. टोनी स्टार्क या त्याच्या साध्या मानवी रूपात मात्र हात सहा पानांचा. तेव्हा शहाणा खेळाडू त्या रूपात राहून आधी चिलखत घडवितो. पण तो घडवीत बसला असताना खलनायक काही स्वस्थ बसत नाही. वीर वीररूपात असेल तर खलनायक त्याच्यावर हल्ला करतो. वीर मनुष्यरूपात असेल तर आपले कारस्थान पुढे रेटतो. आमच्यापुढे ऱ्हायनो नावाचा, गेंड्याच्या अंगलटीचा दांडगा होता. त्याचे कारस्थान प्रत्येक खेळाडूमागे ७, म्हणजे आम्हा दोघांस १४ या अंकावर पोहोचले की खेळ खलास. आणि ते काही न करताही दर फेरीस दोनाने वाढतच असते.

आम्ही भिडूचा कॅट रचावयाचे ठरविले. वीर निवडला तो कॅप्टन मार्व्हल, आणि पंथ नेतृत्वाचा. ही बाई, कॅरोल डॅनव्हर्स या आपल्या मनुष्यरूपात असताना, दर फेरीस एकदा कोणाही एका खेळाडूस एक पान ओढावयास लावू शकते. पेटी चाळून आम्ही आणखीही तशीच पाने गोळा केली. ॲव्हेंजर्स मॅन्शन नावाचा वाडा दर फेरीस वाटेल त्या खेळाडूस एक पान देतो. हेलिकॅरियर नावाचे विमानांचे गलबत कोणाच्याही पुढल्या पानाची किंमत एकाने उतरविते. 'मेक द कॉल' या पानाने, आपल्या किंवा भिडूच्या टाकलेल्या पानांच्या ढिगातून, एखादा मित्रवीर किंमत मोजून पुन्हा उभा करता येतो. 'लीड फ्रॉम द फ्रंट' खेळले तर एका खेळाडूची सारी माणसे तेवढ्यापुरती अधिक बळाने लढतात. संख्या आम्ही बरोबर ४० ठेवली. पाने जितकी थोडी तितकी हवी ती लवकर हाती लागतात, हे सांगण्यास अमेरिकेचा पंडित नको.

जखमा बऱ्या करणारी पाने मात्र आम्ही एक 'फर्स्ट एड' सोडून घेतली नाहीत, आणि यावरून मुलाचा व आमचा थोडा वाद झाला. त्याचे म्हणणे, मदतनीस म्हटला की त्याने औषधपाणी केलेच पाहिजे. आमचे म्हणणे, घाव बसू देऊन मग त्यावर दोन अंकांची पट्टी बांधण्यापेक्षा तो घाव आपण मध्ये पडून झेलावा. या खेळात दुसऱ्यावरचा हल्ला आपल्या वीराने अंगावर घेण्याची मुभा आहे. शिवाय दुखणे झाल्यावर धावून येणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नाही.

वाटते तितके हे साधे नाही, हे पहिल्या दोन डावांतच ध्यानात येते. खलनायकाचे बळ खेळाडूंच्या संख्येवर ठरते. ऱ्हायनोच्या पहिल्या अवस्थेत प्रत्येक खेळाडूमागे १४ प्राणांक, दुसरीत १५. म्हणजे आमच्यासारखा भिडू येऊन बसला की एकंदर २९ घावांचे ओझे टेबलावर वाढलेच. त्यावर दर फेरीस आमच्या नावाचे एक संकटाचे पान निराळे. ज्या मदतनिसाने एकही घाव घातला नाही, त्याने भिडूच्या हातून निदान तितके अधिक घाव घालविले पाहिजेत. नाही तर तो मदतनीस नसून नुसता खाणारा पाहुणा. मेंढीकोटात दुबळ्या भिडूची तेरा पाने कशीही खपून जातात. येथे त्याच्या असण्याचे भाडे रोख वसूल होते. हा नियम ज्याने योजला त्याने संसार जवळून पाहिला असला पाहिजे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म. भिडूस पान द्यावयाचे तर कॅरोलने वीरवेष उतरविला पाहिजे. आणि तिने तो उतरविला की, मुलाचा टोनी आधीच कारखान्यात हातोडा मारीत बसलेला असल्यामुळे, ऱ्हायनो दोघांच्याही नावाने कारस्थान रेटू लागतो. वीरवेष ठेवला तर कारस्थान थोपविता येते, पण पान देता येत नाही. रूप पालटणे एका पाळीत एकदाच. तेव्हा ज्या फेरीत मुलाला पानाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच फेरीत त्याच्या दाराशी उभे राहण्याचीही गरज सर्वांत अधिक असते. नेतृत्वाचा पंथ आम्ही घेतला तो यासाठीच: त्यातील मित्रवीर कारस्थान थोपविण्यास पाठवावेत आणि बाईने घरात बसून पाने पुरवावीत. ते मित्रवीर एकेका कामगिरीगणिक झिजून मरतात, ही गोष्ट मुलाला फार लागे. आम्ही त्याला मेंढीकोटातील दुर्र्या आणि तिर्र्या दाखविल्या. त्यांनी जन्मभर दुसरे काय केले?

परंतु सर्वांत अवघड भाग पत्त्यांत नव्हता. हा मुलगा कोणत्याही खेळात पान टाकण्यापूर्वी जवळच्या वडील माणसाच्या तोंडाकडे पाहतो. बुद्धीने तो तल्लख आहे. पण आपण ठरविले ते चुकेल, अशी धास्ती त्याच्या मनात कोणीतरी पेरून ठेवली आहे. आणि हा खेळ तर असा की बोलण्यास पूर्ण मोकळीक. भिडूचे पान न् पान विचारावे, स्वतःचे सांगावे, कोणी कोणास कसे चालावे याचा खल करावा. अशा मोकळिकीत टेबलावरचा एक शहाणा बाकीच्यांचे डाव खेळू लागतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून पाने सरकविणारे हमाल होतात. या जातीचे खेळ रचणाऱ्यांस हा रोग ठाऊक आहे. आंत्वान बोझा या फ्रेंच गृहस्थाने 'हानाबी' नावाच्या खेळात त्यावर मोठा गमतीचा उपाय केला: हातातील पाने स्वतःकडे पाठ करून धरावयाची, म्हणजे आपली पाने आपल्याखेरीज सर्वांस दिसतात आणि इतरांनी मोजक्या खुणा द्यावयाच्या. त्या खेळास २०१३ साली जर्मनीतील वर्षाच्या उत्तम खेळाचा मान मिळाला. 'द क्रू' या २०१९ च्या खेळात तर आपल्या मेंढीकोटासारखे हातच करावयाचे असतात, पण सर्वांनी मिळून, आणि बोलणे जवळजवळ बंद. ते खेळ आमच्यापाशी नव्हते. म्हणून आम्ही पाटाच्या बांधावरचा जुना कायदा लागू केला: आपली पाने दाखवावी, पण दुसऱ्याच्या पानाविषयी बोलू नये.

मुलगा पहिल्या दिवशी या कायद्याने रडकुंडीस आला. "आजोबा, नुसते हो किंवा नाही तरी म्हणा," असे त्याने तीनदा विनविले. आम्ही तंबाखूची डबी शोधण्याचे निमित्त केले. भिडूला पान द्यावे, किंमत उतरवून द्यावी, त्याच्यावरचा घाव झेलावा. पण ते पान कोठे खर्चावे हे त्याने ठरवावे. त्याच्याऐवजी ठरवून दिलेला विजय हा आमचाच विजय, आणि तो आम्हांस पुण्याच्या पेटीतून विकत घ्यावयाचा नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी कारस्थान १२ वर आले होते. ऱ्हायनोची दुसरी अवस्था, त्याचे प्राणांक नऊ उरलेले. मुलाच्या अंगावर चार यंत्रे चढली होती. आम्ही वाड्याचे पान त्याच्या बाजूस वळवून म्हणालो, "घे एक." त्याने पान ओढले, पाहिले, आणि ते उपडे ठेवून बराच वेळ छताकडे पाहत राहिला. आमच्या हाती एक मित्रवीर होता. त्याला पाठविले तर कारस्थान दोनाने उतरले असते आणि आणखी एक फेरी निर्धास्त मिळाली असती. ते पान आम्ही उघडे मांडले होते. त्याला दिसत होते. तो म्हणाला, "तुम्ही थांबा. मी आत्ताच मारतो." हिशेबात ते घाव आठ होत होते की नऊ, याबद्दल आम्हांस शंका होती. त्याने हातमोजा वाकडा केला, शिरस्त्राण वाकडे केले, मग ते नवे पान टाकले आणि बोटांवर मोजू लागला. आमच्याकडे त्याने पाहिले नाही.

नऊ भरले.

संध्याकाळी तो शेजारच्या पोरांना गोळा करून आणण्यास गेला, तेव्हा आम्ही आमचा कॅट पुन्हा उलगडून बसलो. चौघे खेळावयाचे तर ऱ्हायनोच्या पहिल्याच अवस्थेचे ५६ प्राणांक होणार, आणि पाने मागणारे तिघे. 'फर्स्ट एड' आम्ही काढून टाकले. त्याच्या जागी हेलिकॅरियर लवकर हाती यावे अशी काही युक्ती साधते का, ते पाहत दिवेलागण झाली.