सुरतेच्या वाटेवर चढलेला काटा

नवसारी जवळ आली आणि काटा पुन्हा लाल रेघेकडे सरकला. मे महिना, दुपारचे दोन. मागे फळीवरच्या गादीवर अव्वा आडवी झालेली. मी गाडी कडेला घेतली.

आमच्या घरी आईला अव्वा म्हणतात. ती धारवाडची, वडील बेळगावात शहापूरचे. त्यामुळे आमच्याकडे रागावणं कन्नडमध्ये आणि आशीर्वाद मराठीत, अशी वाटणी लहानपणापासूनच झालेली. तिचा धाकटा भाऊ, आमचा मामा, १९७९ साली नोकरीसाठी सुरतेला गेला तो तिथलाच झाला. त्याला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं आणि अव्वाने जेवण सोडलं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, रेल्वेत चढणं अशक्य. "बसून नाही जमायचं, निजून येते," ती म्हणाली.

म्हणून आमची जुनी डिझेल व्हॅन. मागची बाकडी काढून मी त्यात फळी, गादी, छोटा गॅस आणि पाण्याचा कॅन बसवलाय. गल्लीत सगळे तिला मॅटाडोर म्हणतात आणि सौ. तिला माझी दुसरी बायको म्हणते.

तर, गाडी थांबवली, रुमाल घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात आतून आवाज आला, "ए, तडी! मोदल आरली!" थांब, आधी निवू दे. अव्वाला इंजिनातलं काही कळत नाही, पण कुकर कळतो. रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास कडुनिंबाखाली बसलो. सौ. अव्वाला ओल्या टॉवेलने पुसत होती. अव्वा एकच विचारत होती, "संध्याकाळपर्यंत पोचू ना?"

निघण्याआधी गाडी दाखवली नव्हती असं नाही. गावाकडच्या मेस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला होता, रेडिएटर साफ केला होता. दुकानासमोर अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, काटा निम्म्यावरून हलला नाही. "गाडी ठीक आहे सर, तुमचा मीटर खोटं बोलतोय!" मीही विश्वास ठेवला. माणसाला आपल्या सोयीचं निदान लगेच पटतं.

पुढे चाळीसच्या वर न जाता पलसाणा, तिथून डावीकडे सचिन आणि मग उधना. उधन्यात शिरताच यंत्रमागांची खडखड कानावर आली आणि अव्वा उठून बसली. "वडगाव आलं काय रे?" आपल्या वडगावच्या मागांचा आवाज तिच्या कानात बसलेला. या भागात आणि शेजारच्या लिंबायतमध्ये खानदेशी माणूस भरपूर. जळगाव-नंदुरबारहून येणारी रेल्वे उधन्यालाच मिळते.

गॅरेजवालाही खानदेशीच निघाला. बॉनेट उघडायच्या आधी त्याने विचारलं, "भाऊ, गाडी तापते कधी, ते आधी सांगा." डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'ताप येतो' म्हटल्यासारखं माझं झालं होतं. सिग्नलला तापते? नाही. गावात? नाही. सरळ रस्त्यावर, साठच्या पुढे? हो, तेव्हाच.

"मग पंख्याचा दोष नाही," तो म्हणाला. उभ्या गाडीला वारा पंखा देतो, धावत्या गाडीला रस्ताच देतो. वारा भरपूर असताना तापते, म्हणजे पाणी फिरत नाही. त्याने आधी गार इंजिनचं झाकण काढून गाडी चालू केली. बुडबुडे आले नाहीत. ऑइलची पट्टी काढली. ऑइल दुधाळ नव्हतं. म्हणजे हेडगॅस्केट शाबूत. माझा जीव खाली पडला, कारण तो खर्च मोठा. मग झाकण लावून त्याने मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि सौ.ला म्हणाला, "ताई, खालच्या पाइपाकडे बघा."

रेडिएटरच्या खालून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप उसाच्या चिपाडासारखा चपटा झाला. पाय काढला की परत गोल. पंप पाणी या पाइपातून ओढतो. ओढ वाढली की तो मिटू नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असते. आमची स्प्रिंग गंजून तुकडे झाली होती आणि रबरही मऊ पडलं होतं. इंजिन सावकाश चालू असताना ओढच कमी, म्हणून दुकानासमोर उभ्या गाडीत कोणाला काही दिसलं नाही. स्प्रिंग गंजली कशाने? वर्षानुवर्षं मी कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत आलो. कूलंटमध्ये गंज रोखणारं औषध असतं हे मला ठाऊक होतं, पण पाणी फुकट होतं.

पाइप येईपर्यंत तासभर गेला. मी इतिहास शिकवतो. १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या लुटी वर्गात किती वेळा सांगितल्या असतील! तापीकाठचा किल्ला १६६४ मध्ये हाती आला नव्हता, हेही सांगतो. तो किल्ला चार-पाच मैलांवर असूनही त्या दिवशी पाहिला नाही. अव्वा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत होती.

सात वाजता मामाच्या दारात पोचलो. मामीने आणि मुलांनी अव्वाला उचलूनच आत नेलं. मामाची वाचा गेली असं फोनवर कळलं होतं. अव्वा खाटेवर बसली, त्याचा चांगला हात धरला आणि कन्नडमध्ये बोलत राहिली. धारवाडच्या घराबद्दल, विहिरीबद्दल, कुठल्याशा म्हशीबद्दल. मामाच्या नातवंडांना त्यातलं काही कळेना, ती गुजराती-मराठी बोलणारी. बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, "अक्का." एवढंच.

चार दिवसांनी निघालो. मुंबई-सुरतेचा जुना आठ नंबरचा हायवे आणि आपला जुना चार नंबर, दोन्ही आता ४८ नंबरचेच. मामाच्या आणि आमच्या गावाला जोडणारा एकच रस्ता. साठ, मग सत्तर. काटा निम्म्यावर. नवसारी मागे पडली तेव्हा अव्वा गाढ झोपली होती.