उलटी हवा

परवा आमची म्हातारी गाडी स्मॉग टेस्टमध्ये नापास झाली. कॅलिफोर्नियात त्याशिवाय रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होत नाही. बॉनेट उघडलं तर एअर पंपाची रबरी नळी जळालेली! नवी नळी आणायला निघणार, तेवढ्यात पुण्याहून बाबांचा फोन. म्हणाले, "आधी ती कशाने जळाली ते बघ."

नळीच्या टोकाला, एक्झॉस्टच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह सापडला. पंपाची हवा पुढे जाऊ द्यायची आणि तापलेला धूर मागे येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. काढून फुंकून पाहिला, तर दोन्हीकडून आरपार! गंजलेला जोड सोडवण्यातच अर्धा दिवस गेला. व्हॉल्व्ह आणि नळी दोन्ही बदलली, गाडी पास झाली.

बाबांना कळवलं. "शाब्बास!" म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. असो.