सॉलिसिटर खेर आणि कुळांचा सातबारा

मुंबईचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात वारले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, १ एप्रिलला, मुंबई राज्याच्या कूळ कायद्यातला कृषक दिन उजाडला आणि दुसऱ्याच्या नावावरची जमीन पिढ्यानपिढ्या कसणारी कुळं कायद्यानं त्या जमिनीची मालक मानली गेली. आमच्या अंजनवेलसारख्या गावांत या एका तारखेनं घराघरांतली नाती बदलली. तिथवर पोचणारी वाट ज्यांच्या कारकिर्दीत अर्धीअधिक बांधून झाली, ते खेर ती तारीख पाहायला राहिले नाहीत. आता ८ मार्चला महिला दिनाच्या कार्यक्रमांत त्यांचं नाव कुणी काढत नाही. निदान रत्नागिरी जिल्ह्यात तरी ते निघायला हवं, कारण ते इथलेच.

रत्नागिरीत २४ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव बाळ गंगाधर. त्याच शहरात बत्तीस वर्षं आधी जन्मलेल्या टिळकांचंही नाव हेच. सुरुवातीचं शिक्षण कुंदगोळला, मग पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. १९०८ मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजातून बी.ए. झाले ते संस्कृतचं भाऊ दाजी पारितोषिक घेऊन. पुढे कायद्याची पदवी, न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे काही काळ काम, आणि १९१८ मध्ये सॉलिसिटरची सनद. त्याच वर्षी ‘मणिलाल खेर अँड कंपनी’ ही पेढी उभी राहिली.

सॉलिसिटर म्हणजे कोण, हे आज थोडं सांगावं लागतं. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा दुहेरी पद्धत होती. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायचा तो बॅरिस्टरनं किंवा अ‍ॅडव्होकेटनं; अशिलाला भेटायचं, कागद तपासायचे, मालकी हक्काची साखळी जुळवायची, करार, गहाणखतं, ट्रस्टचे दस्त, कंपन्यांचे मसुदे लिहायचे, खटल्याची बांधणी करून बॅरिस्टरच्या हाती द्यायची, हे सारं सॉलिसिटरनं. कोर्टात त्याचा आवाज ऐकू येत नसे, पण फोर्टातला व्यापार त्याच्या कागदांवर चाले. या धंद्यात पैसा भरपूर होता आणि मराठी माणसं मोजकी. मजकुरात एक शब्द कमी पडला तर दहा वर्षांनी कुणाचं घर जाईल, हे ओळखणं हीच त्या कामातली कसोटी. खेरांना पुढे राजकारणात काय साधलं आणि काय साधलं नाही, याची बरीचशी उत्तरं मला या कसोटीत सापडतात.

पेढी चांगली चालत असताना ते राजकारणात ओढले गेले. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले, १९३० च्या कायदेभंगात तुरुंगात गेले, १९३२ मध्ये पुन्हा गेले. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्याच्या काँग्रेस पक्षाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. के. एफ. नरीमन हे मुंबईत त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक नावाजलेले. त्यांना डावललं गेलं, असा आरोप झाला, चौकशी झाली, आणि नरीमन यांचं राजकीय आयुष्य त्यातच झाकोळलं. खेरांनी ते पद हिसकावलं, असं कुणी म्हटलं नाही. पण त्यांच्या पंतप्रधानपदाच्या पहिल्याच पानावर (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत) ही कडवट ओळ लागली ती लागलीच.

आता खोतीकडे येतो, कारण आम्हा कोकणातल्या माणसांसाठी खेरांची खरी परीक्षा तिथे होती.

वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर, गोपाळगडाच्या पायथ्याशी वसलेलं अंजनवेल पेशवाईत तालुक्याचं ठिकाण होतं. या साऱ्या पट्ट्यात खोती मुरलेली. खोत सरकारात सारा भरणार आणि कुळांकडून वसूल करणार. खाचरातल्या भाताची अर्धेल, कुठे तिर्धेल. खळ्यावर खोताचा माणूस उभा, माप त्याचं, मोजणी त्याची. त्यावर खोताच्या घरची वेठ: लावणीला बायामाणसं, पावसाआधी लाकूडफाटा, घर शाकारायला हात. वाईटात वाईट गोष्ट अशी की यातल्या कशाचाही कागद कुळाकडे नसे. किती भात दिलं, किती वर्षं दिलं, जमीन कधीपासून कसतो, याचा पुरावा म्हणजे खोताची वही, आणि ती खोताच्या पेटीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. बाबासाहेबांसह त्यांचं शिष्टमंडळ पंतप्रधान खेरांना भेटलं. खेरांनी ऐकून घेतलं. विधेयक मात्र पुढे सरकलं नाही. सरकारात आणि पक्षात जमीनमालकांचं वजन मोठं होतं, आणि ते पेलून पुढे जाण्याची धमक त्या वेळी खेरांनी दाखवली नाही. श्रद्धांजलीच्या लेखातही हे झाकू नये, असं मला वाटतं. त्या मोर्चात चालून आलेल्या माणसांना खेरांच्या सरकारनं रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

पण ते तिथेच थांबले असते तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. १९३९ मध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळानं पहिला कूळ कायदा केला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ हे नाव मिळालं. नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, मग वैयक्तिक सत्याग्रह, मग बेचाळीसचा तुरुंग. १९४६ च्या वसंतात खेर पुन्हा पंतप्रधान झाले आणि १९४८ चा ‘मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा’ आला. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे होतं, त्यामुळे श्रेय त्यांचंही आहे. पण हा कायदा वाचताना मला सॉलिसिटरचं डोकं दिसतं.

त्यातलं २६ वं कलम पाहा. खंड घेताना जमीनमालकानं तिथल्या तिथे लेखी पावती दिलीच पाहिजे. एवढंच. आज ही अगदी साधी बाब वाटते. पण ज्याच्या हाती कधी कागदाचा कपटाही आला नव्हता, त्या कुळाला दर वर्षी एक पावती मिळणं म्हणजे आपण या जमिनीत आहोत याचा पुरावा दर वर्षी वाढत जाणं. सभेत भाषण करणाऱ्याला हे सहसा सुचत नाही. मालकी हक्काची साखळी एका गहाळ कागदापायी तुटताना ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं, त्याला ते सुचतं. त्याच कायद्यानं बिनओलिताच्या जमिनीचा खंड पिकाच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नये, असं ठरवलं. अर्धेलीचं मोडणं तिथे सुरू झालं. खंडाशिवायच्या साऱ्या पट्ट्या आणि वेठ बंद, हेही स्पष्ट शब्दांत लिहिलं.

मग १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, जो १५ मे १९५० पासून अमलात आला. खोत हा मध्यस्थ गेला आणि सारा थेट सरकारात भरला जाऊ लागला. जानेवारी १९३८ ते मे १९५० ही बारा वर्षं उशिराची आहेत. त्या बारा वर्षांत किती खाचरं हातची गेली असतील, किती माणसं कंटाळून दाभोळच्या धक्क्यावरून मुंबईची बोट धरून गिरण्यांत गेली असतील! उशीर झाला हे खरं, आणि ज्यांच्या दारातून मोर्चा परत गेला त्याच खेरांच्या सरकारनं शेवटी खोती मोडली, हेही तितकंच खरं.

दुसरीकडे त्यांची बाजू लंगडी पडली. ठक्कर बाप्पांच्या प्रेरणेनं १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या आदिवासी सेवा मंडळाचे ते आधारस्तंभ होते. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींविषयी त्यांना कळकळ होती. तरीही डहाणू-तलासरीतल्या वारल्यांनी लाल झेंड्याखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्याच सरकारच्या पोलिसांनी तो बळानं दडपला. सेवा करणं आणि हक्क मागणाऱ्यासमोर उभं राहणं यांतलं अंतर त्यांना ओलांडता आलं नाही. या उठावावरचं गोदावरी परुळेकरांचं पुस्तक वाचलेल्या कुणालाही खेरांचा हा काळ विसरता येणार नाही.

मात्र ८ मार्चला त्यांची आठवण काढण्याचं आणखी एक कारण आहे. हिंदू पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा देशात जवळजवळ सगळीकडे होती, तेव्हा मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला आणि १९४७ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. केंद्राचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर थेट १९५५ मध्ये आला. द्विभार्याबंदीला कोर्टात आव्हान दिलं गेलं. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी नरसू आप्पा माळी खटल्यात तो कायदा उचलून धरला. चाकरमानी नवरा मुंबईत दुसरा संसार थाटून बसला आणि पहिली गावाकडे सासऱ्याच्या खाचरात राबत राहिली, अशा गोष्टी कोकणातल्या कोणत्या गावात ऐकू आल्या नसतील? त्या बायकांच्या हाती कायद्याचं बळ पहिल्यांदा खेरांच्या सरकारनं दिलं.

हरिजनांना मंदिरप्रवेशाचा कायदा, प्राथमिक शिक्षणाचा १९४७ चा कायदा, १९४९ मध्ये सुरू झालेलं पुणे विद्यापीठ आणि त्याच्या पहिल्या कुलगुरूपदी बॅ. मुकुंदराव जयकर, हे सारं याच काळातलं. दारूबंदीही त्यांचीच, तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि तिच्यातल्या काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत.

१९५२ मध्ये ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. मुख्यमंत्रिपद सोडलं आणि भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. १९५४ मध्ये परतले, त्याच वर्षी पद्मविभूषणच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. १९५५ मध्ये पहिल्या राजभाषा आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषावार प्रांतरचनेवरून देश पेटलेला असताना सरकारी कारभाराची भाषा कोणती असावी, या प्रश्नाचा अहवाल लिहिणं म्हणजे साऱ्यांची नाराजी ओढवून घेणं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी ते काम स्वीकारलं आणि पुढच्याच वर्षी पुरं केलं.

तिकडे १९४८ च्या कायद्याला भाऊसाहेब हिरे महसूलमंत्री असताना १९५६ ची दुरुस्ती जोडली गेली आणि कृषक दिनाची तारीख ठरली. आमच्या गावातल्या घरांत अजून त्याचे कागद आहेत: कलम ३२ म चा दाखला, तहसीलदाराचा शिक्का, किमतीच्या हप्त्यांच्या पावत्या. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र’ ही ओळ. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या वीज प्रकल्पासाठी अंजनवेल, वेलदूर आणि आसपासच्या जमिनी सरकारनं घेतल्या, तेव्हा मोबदला कुणाला हा प्रश्न सातबाऱ्यावरच्या नावानं सुटला किंवा अडला. ज्यांच्या आज्यानं चाळीस वर्षांपूर्वी कुळाची नोंद करून घेतली होती त्यांना कचेरीत ताठ मानेनं बोलता आलं. जे तोंडी शब्दावर राहिले त्यांचे फेरे सुरू झाले.

ते फेरे अजून संपलेले नाहीत. गुहागरला तहसीलदारापुढे कूळ कायद्याखालची प्रकरणं आजही निघतात. कुणी जुनी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली असते, कुणी १९५७ आधीचा पीकपाहणीचा उतारा शोधत असतं, आणि वकील उभा राहून १९४८ च्या कायद्याचं कलम शब्द न् शब्द वाचून दाखवतो.