एक नळी घ्यावयाची आहे

मारतहळ्ळी हे नाव आमच्या पत्रिकेत नव्हते. ते बदलीच्या हुकमात होते. इंग्रजी अक्षरांतील ते नाव वाचून साताऱ्याच्या आमच्या मामेभावाने ‘म्हणजे मराठ्यांचीच हळ्ळी की!’ असे मोठ्या अभिमानाने कळविले. बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर, तेव्हा त्याचा भ्रम दूर करणे आमच्या जिवावर आले. येथील मंडळी या नावाची कुळकथा निराळीच सांगतात. कोणी मारुतीच्या देवळाकडे बोट दाखवितो, तर कोणी शेजारच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जन्मलेल्या आणि १९६१ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘मारुत’ विमानाकडे. खरे काय ते मारुतराय जाणोत. आम्हांला विचाराल तर हे गाव धुळीचे आहे. रिंग रोडवर मेट्रोचे खांब उभे राहू लागल्यापासून तर खिडकीच्या गजांवर बोटाने सही करावी अशी स्थिती. कानडीतही धुळीला ‘धूळु’च म्हणतात, तेवढ्या एका शब्दापुरते तरी आम्हांला येथे परके वाटले नाही.

ही धूळ अपुरी वाटली म्हणून की काय, आम्ही घरात आपली स्वतंत्र धूळ उत्पन्न करू लागलो. निवृत्ती दोन वर्षांवर आली, तसा हात शिवशिवू लागला. सज्ज्यात एक बाक ठोकला. गोल करवत, विजेवर चालणारा रंधा आणि पॉलिश पेपर फिरविणारे सँडर अशी तीन यंत्रे एकामागून एक घरात आली. आमच्या सौभाग्यवतींनी धुळीचे वर्गीकरण करून टाकले : काळी ती सरकारची, पिवळी ती तुमची. कणकेच्या डब्यावर पिवळी सापडली, त्या दिवशी जेवण मुकाट्याने झाले.

तरीही आम्ही नमलो नसतो. परंतु मुलीचा चार वर्षांचा मुलगा सुटीत येऊन राहिला होता. दिवसभर तो बाकाखाली बसून भुशाचे डोंगर करी. एका रात्री तो खोकू लागला आणि आम्ही अंथरुणात उठून बसलो. तो कोरडा, दोन-दोनदा येणारा खोकला आमच्या ओळखीचा होता.

आमचे अण्णा मिरजेस सुतारकाम करीत. त्यांचा खोकला हा आमच्या घराचा आवाजच होता. आम्ही त्याच्यावर वेळ ओळखत असू. रंध्यातून निघणाऱ्या वळ्या-वळ्यांच्या साली निरुपद्रवी. त्या चुलीत जात. पण कपाटाला हात मारताना पॉलिश पेपरातून जे पीठ उडे, ते अण्णांच्या भुवयांवर, मिशांवर आणि डब्यातल्या भाकरीवर बसे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘विडी सोडा.’ अण्णांनी जन्मात विडी ओढली नव्हती. ‘सोडतो’ म्हणून ते घरी आले. मोठ्या माणसाचा शब्द खोडायचा नाही, ही त्यांची रीत. आम्ही मात्र रंध्याला हात लावायचा नाही, शिकून कचेरीत बसायचे, हा त्यांचा हुकूम होता, आणि तो आम्ही सदतीस वर्षे पाळला.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम गावच्या फर्निचर-कामगारांत नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे प्रमाण विलक्षण असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानी आले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना निःसंशय कर्करोगकारक पदार्थांत केली. अण्णांना तो रोग नव्हता. त्यांच्या खोकल्याचे खापर धुळीवर फोडण्यास आमच्यापाशी कागदोपत्री पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून शेरा मारू नये, हे आपणां अधिकारी वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या रात्री आम्ही पुराव्यासाठी थांबलो नाही.

धूळ ओढणारे यंत्र घेतले, त्याला घरातल्या जुन्या व्हॅक्यूमची नळी जोडली आणि आपण शहाणे आहोत असे समजलो. रंधा लावताच पहिल्या पाच मिनिटांत नळी तुंबली. सँडर लावले तर नळीच्या खरबरीत कड्या बाकाच्या काठाला अडकून हात हिसकावला जाई. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत नळीला हात लागला की बोटाला झटका. प्लास्टिकमधून धुळीचे कण घासत गेले की विद्युतभार साठतो, आणि तो आमच्या बोटातून वाट काढतो, हे नंतर कळले.

शेवटी एस. पी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हांला आधी एकच प्रश्न विचारला : ‘यंत्र कोणते, सर?’ आम्ही म्हटले, ‘तिन्ही.’ तो हसला आणि म्हणाला, ‘मग नळ्या दोन.’ आम्हांला हा धंद्याचा कावा वाटला. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. २७ मिलिमीटरची नळी ३६ मिलिमीटरच्या नळीच्या पाऊणपट रुंद. पण आतली वाट जवळजवळ निम्मी. तेवढीच हवा तिच्यातून ओढायची तर घर्षणात वाया जाणारा जोर चौपटीहून अधिक. लांबी दुप्पट केली तर तो तोटा दुप्पट होतो, रुंदीत मात्र थोडक्या कंजुषीचा दंड फार मोठा. युरोपात मध्यम धोक्याच्या धुळीसाठी बनविलेल्या यंत्रात नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की इशारा मिळावा असा दंडक आहे. त्या वेगाला अरुंद नळीतून तासाला सुमारे ४१ घनमीटर हवा जाते, रुंद नळीतून ७३. सँडरच्या पिठाला पहिली पुरते, आणि ती हलकी असल्याने मनगटाला ओझे होत नाही. रंध्याच्या साली आणि करवतीचा भुसा यांना दुसरीच हवी. दुकानदार खरे बोलला होता. मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घेतल्या. विद्युतभार जमिनीत नेणाऱ्या, बाहेरून गुळगुळीत आवरणाच्या, साडेतीन मीटरच्या. पाच मीटरचा मोह टाळला, सज्जा तेवढा नाहीच. तोंडाशी फिरती जोडणी, म्हणजे पीळ पडत नाही. आणि यंत्रांची तोंडे एकमेकांशी जुळत नसल्याने रबराचे दोन जोड. सज्ज्यातल्या प्लगला अर्थिंग नाही हा शोध तेव्हा लागला, तारवाल्याला बोलाविले. नळी विद्युतभार वाहून नेईल, पण पुढे त्याला वाट नको काय? किंमत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘नळीला एवढे?’ आम्ही अण्णांचे नाव काढले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने काढले.

आता सँडर चालू असता हातात काळोखी दिवा धरून पाहिले तर प्रकाशाच्या पट्ट्यात फारसे काही तरंगत नाही. ओढ अधिक झाली तर सँडर लाकडाला चिकटते. मग यंत्राचा जोर थोडा उतरवावा लागतो. मुखपट्टी आम्ही तरीही बांधतो, आणि नातवाला काचेच्या दाराआड बसवितो.

अण्णांचा हातरंधा मात्र कोणत्याही नळीला जोडलेला नाही. रविवारी तो चालतो तेव्हा दार उघडे असते, आणि खाली पडणाऱ्या साली नातू एकेक करून कानांत अडकवितो.