सव्वा इंची प्लग

बॉस्टनच्या उत्तरेला असलेलं आमचं घर १९२०च्या सुमाराचं, आणि त्या काळातल्या इथल्या कित्येक घरांसारखं ते अजून वाफेवर तापतं. तळघरात बिडाचा बॉयलर, खोल्यांतून बिडाचेच रेडिएटर आणि प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप. वाफ त्यातूनच वर चढते आणि थंड होऊन झालेलं पाणी त्यातूनच खाली उतरतं. ना पंप, ना पंखा. दाब जेमतेम दीड पीएसआय, म्हणजे कुकरची शिट्टी होते त्या दाबाचा दहावा हिस्सा.

जुना बॉयलर उन्हाळ्यात बदलला होता. थंडी पडली तशी नव्याची लक्षणं बिघडली. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी जवळजवळ स्थिर दिसायला हवं, ते वरखाली उसळत होतं. मध्येच पातळी इतकी घसरायची, की पाणी संपलं असं समजून सेफ्टी स्विच बर्नर बंद करून टाकायचा. पाइपांत घणाचे घाव घातल्यासारखे आवाज, ते रात्री जास्तच.

माझे सासरे, अण्णा, तेव्हा आमच्याकडे होते. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बगॅसवर चालणारे बॉयलर सांभाळण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेलेली. आमच्या बॉयलरला ते आल्या दिवसापासून ‘खेळणं’ म्हणत. काचनळीसमोर मात्र ते स्टूल घेऊन बराच वेळ बसले.

“पोरी, पाण्यात त्याल हाय. एक पातेलं आण.”

बॉयलरमधलं थोडं पाणी पातेल्यात काढून शेगडीवर उकळलं, तर वर फेस. पाइपांना आटे पाडताना वापरलेलं तेल आतच राहिलं होतं. ते पाण्यावर तरंगतं आणि वाफेला सरळ सुटू देत नाही. मग फेसाळलेलं पाणीच वाफेबरोबर पाइपात चढतं. खालचा नळ सोडून उपयोग नाही, कारण तेल वर असतं. त्यासाठी बॉयलरच्या अंगाला पाण्याच्या पातळीपाशी एक भोक ठेवलेलं असतं. तिथून गरम पाणी अगदी बारीक धारेनं काही तास वाहू द्यायचं, म्हणजे तेलाची साय निघून जाते. बसवणाऱ्यानंच हे करून द्यायला हवं होतं. पण अर्धा दिवस धार बघत बसायचे पैसे कोण मागणार आणि कोण देणार?

भोकाला सव्वा इंची प्लग होता. कारखान्यातच आवळलेला, वरून रंग मारलेला, बाहेर फक्त चौकोनी डोकं. पाइपाचे आटे निमुळते असतात, सोळाला एक या उताराचे. जितकं फिरवाल तितकं पाचरीसारखं घट्ट. त्यातली चांगली गोष्ट ही, की प्लग एकदा हलला की पुढं फारसा छळत नाही.

बर्नर बंद, गॅसची चावी बंद. पाणी भोकाच्या खाली उतरवलं, नाहीतर भोवतीचं बीड तापवायच्या टॉर्चच्या ज्योतीची सगळी उष्णता तेच खाऊन टाकतं. जाम सोडवायचं तेल आट्यांवर मारून रात्रभर ठेवलं. तेल काढण्यासाठी तेल घालायचं, याचं मला हसू येत होतं, अण्णांना नाही.

सकाळी दोन फुटी पाइप पाना लावला. हा पाना बॉस्टनचाच. इथल्या वॉलवर्थ कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल स्टिल्सननं १८६९ साली त्याचं पेटंट घेतलं. पान्याच्या दांड्यावर चार फुटी लोखंडी नळी चढवली, म्हणजे तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ बसतो. आणि घात होतो तोही इथंच. प्लगचे कोपरे झिजले तर तो भोक पाडून, करवतीच्या पात्यानं आतून चिरून, छिन्नीनं तुकड्यातुकड्यांनी काढता येतो. बॉयलरच्या अंगालाच चीर गेली तर नवा बॉयलर.

“झटका देऊ नगं. बीड वाकत न्हाई, फुटतं. आन आधी आवळ.”

आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं: वाळलेलं सीलंट एकदा हललं की पुरे. टॉर्चची ज्योत प्लगवर नाही, भोवतीच्या कड्यावर फिरवायची. कडं आधी प्रसरण पावलं पाहिजे. प्लगच्या डोक्यावर हातोडीनं सरळ, हलके ठोके. मग पाना. आणि नळी अशा बाजूला, की अंगाचं वजन खाली टाकता येईल. वर ओढण्यात पाठ जाते. हलला नाही. पुन्हा ज्योत, पुन्हा ठोके. अण्णांना पुढं व्हायचं होतं हे दिसत होतं, पण खांद्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जोर करायची मनाई होती, म्हणून ते स्टुलावरूनच हुकूम सोडत होते.

कट् असा आवाज झाला.

बीड की आटे? दोघांनी बॅटरी घेऊन कड्याभोवती बारकाईनं पाहिलं. चीर नव्हती. रंगात मात्र केसाएवढी गोल रेघ उमटली होती. प्लग हलला होता! अर्ध्या फेऱ्यानंतर तो हातानं फिरू लागला.

लगेच पाणी भरायचा मोह मी आवरला. तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे पुन्हा तीच भीती. जेवणं होईपर्यंत थांबलो, मग पाणी भरून, वाफ होणार नाही इतकं तापवून, पेन्सिलीएवढी धार बादलीत सोडली. पहिल्या बादल्यांवर सप्तरंगी तवंग होता. पाच तासांनी पातेल्यातला फेस गेला आणि काचनळी शांत झाली.

प्लग परत बसवायला अण्णांनी साफ नकार दिला. तिथं निपल आणि पितळी व्हॉल्व्ह लावला, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून. व्हॉल्व्हच्या तोंडाला टोपीही घातली, कारण घरात लहान मूल आहे आणि आत उकळतं पाणी.