चोळ्याची वस्ती

देवळा, पौष, रात्री उशिरा

कांद्याला पाणी द्यायचं म्हणून विजेची वाट पाहत जागा आहे, आणि मनात ठाकुर्ली आहे. थोरले काका तिथल्या चोळा पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. रेल्वेचं स्वतःचं, कोळशावर चालणारं वीजकेंद्र. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या पाचेक वर्षांत तारा पुण्याकडे आणि इकडे आपल्या इगतपुरीपर्यंत आल्या. कसारा घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ. तो चढणाऱ्या इंजिनांची १५०० व्होल्टची भूक चोळ्याच्या भट्ट्या भागवत.

काकांचं बिऱ्हाड बावनचाळीत. कोळशाची पूड वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची, रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपला की पोरांना अंगणात ओरडायची बंदी. घाटावरची, कोकणातली, खानदेशातली माणसं एका नळावर भांडत आणि एकमेकांची बाळंतपणंही निभावत. केंद्र बंद पडलं, बिऱ्हाडं पांगली, चाळी ओस पडल्या.

विजेसाठीच बांधलेलं मुळशीचं धरण म्हटलं की सेनापती बापट आणि १९२१चा सत्याग्रह आठवतो. बुडालेल्या गावांच्या मागे निदान ती लढाई आहे. कामासाठी वसलेली आणि काम संपताच विरलेली वस्ती मात्र कुणाच्याच हिशेबात नसते. मला हे फार लागतं. मुंबईत पोचलेल्या आपल्या कांद्याच्या कितीतरी वॅगन त्या माणसांच्या घामावर घाट उतरल्या.

काकू हल्ली मालेगावला लेकीकडे असते. संक्रांतीनंतर जाऊन तिच्याकडून चाळीतली बिऱ्हाडं ओळीनं लिहून घेणार आहे.