सुरतले जाई राहिनू

प्रकाशा गावच्या पुलावर एस.टी. आली की खिडक्यांच्या काचा मागे सरकायला लागतात. बाहेर वैशाखाचा फुफाटा असो की श्रावणाची झड, एकदोन हात बाहेर येतातच. मुठीत नाणं. ‘तापीमाय’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. नाणं कठड्याला लागून रस्त्यावरच घरंगळलं तर शेजारची बाई चुकचुकते आणि कमरेची पिशवी सोडून दुसरं काढते.

पुलाखाली उथळ पाण्यात पोरं दोराला लोहचुंबक बांधून उभी असतात. त्यातल्या एकाने मला धंद्याचं मर्म सांगितलं, “पाचाचं पिवळं लागत नाही, दादा. दहाचंबी नाही. एक न् दोनच लागतं.” म्हणजे सढळ हाताने टाकलेलं तेवढं तापीला पोचतं आणि हात आखडून टाकलेलं पोरांच्या खिशात जातं. देवस्थानच्या दानपेटीतसुद्धा असा चोख निवाडा होत नसेल.

सुरतेजवळचा समुद्र इथून दीडशे किलोमीटरहून लांब. तरी मला हा रस्ता समुद्राचाच वाटतो. नदीच तशी आहे. मुलताईला उगवून सातशे चोवीस किलोमीटर ती मावळतीकडे चालते. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या पूर्वेला तोंड करून निघतात; ही सूर्याची लेक बापाच्या मागोमाग पश्चिमेला. तिच्या काठचा माणूसही मग त्याच दिशेला बघत आला.

किती काळापासून? सातपुड्यातून आलेली गोमाई इथे तापीला मिळते. त्या संगमाजवळ गावाचं जुनं पांढरीचं टेकाड आहे. 1955 साली, हा भाग पश्चिम खानदेशात होता तेव्हा, पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी तिथे उत्खनन केलं. एकावर एक वस्त्यांचे थर निघाले, खाली थेट ताम्रपाषाणयुगापर्यंत. त्या जुन्या थरांतली खापरं मला फार बोलकी वाटतात. माळव्याच्या धाटणीची आहेत, दक्षिणेकडच्या, प्रवरेकाठच्या जोर्व्याची आहेत आणि त्यांच्या सोबतीला चकचकीत घोटलेली लाल भांडी आहेत, जी सौराष्ट्रात रंगपूरला सापडतात. उत्तर, दक्षिण आणि समुद्राची बाजू, तिन्हीकडची गाडगी एका टेकाडात! तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे तिठा होता याला आणखी कुठला शिलालेख हवा? तिठा आजही आहे. एक फाटा शहाद्याला, एक तळोद्याला, एक पूल ओलांडून नंदुरबारला. केळी-पपयांच्या ट्रकांना जागा देत एस.टी. तिथे खोळंबते.

पुढे मोगलांच्या काळात सुरत ते बऱ्हाणपूर हा हिंदुस्थानातल्या गजबजलेल्या मार्गांपैकी एक झाला. खरं सांगायचं तर तांड्यांची ती वाट या टप्प्यात पलीकडच्या काठाने, नंदुरबारवरून जाई. प्रकाशा अलीकडे, उत्तर तीरावर. 1615 मध्ये इंग्रजांचा वकील थॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो त्याच वाटेने. पंधरा वर्षांनी पीटर मंडी निघाला, तेव्हा गुजरात-खानदेशात 1630 चा भयंकर दुष्काळ पेटलेला होता. वाटेवर पडलेल्या प्रेतांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. गावं सोडलेली माणसं चालत होती आणि चालता चालता पडत होती. ज्या रस्त्याने नीळ आणि कापड बंदराकडे गेलं, त्याच रस्त्याची ही हकीकत. 1900 च्या आसपास तापी खोऱ्याची रेल्वे आली, मालाने रूळ धरले.

प्रकाशावरून जाते ती वाट उत्तर काठाची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर म्हणून लोक ओळखतात तो हा रस्ता रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा सातपुडा उजव्या हाताला ठेवून येतो. आणि गंमत बघा, तळोद्याच्या पुढे हा नदीशी असलेली सोबत मोडतो. अक्कलकुव्यावरून डोंगरात शिरतो, डेडियापाडा-नेत्रंग करत नर्मदेच्या अंगाला अंकलेश्वरला उतरतो. तापीचं बोट धरून निघायचं आणि नर्मदेच्या दारात उभं राहायचं. माहेर एकीकडचं, नांदणं दुसरीकडे.

काशी करून आल्यावर प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी इकडची समजूत. दक्षिण काशी म्हणतात गावाला. केदारेश्वराच्या घाटावर मडकी, फुलं, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेली पोरकी माणसं. अस्थी सोडताना गुरुजी समुद्रापर्यंतची वाट सांगतात. वाट आता सरळ राहिलेली नाही. प्रकाशाच्या बॅरेजला दरवाजे आहेत, आणि पुढे 1972 पासून उकाईचा अफाट जलाशय पसरलेला आहे. मेलेल्यालाही थांबत थांबत जावं लागतं.

जिवंत माणसं मात्र एका रात्रीत पोचतात. उधना, लिंबायत, डिंडोली हे सुरतेचे भाग निम्मे खानदेशच आहेत. तिथल्या जिन्यांवर अहिराणी ऐकू येते. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुरतेत घुसलं. तेव्हापासून इथे तापी फुगली की माणसं आधी आपला बांध बघत नाहीत, सुरतेला फोन लावतात.

परवा पुलावर माझ्या शेजारी एक आप्पा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर बाजरीच्या पिठाची गोणी. “कुठवर?” मी विचारलं. “सुरतले जाई राहिनू. पोऱ्याकडे.” त्यांनी काच मागे ढकलली, पाचाचं पिवळं नाणं काढलं, टाकलं. पूल संपला तरी त्यांचा हात बाहेरच होता.

नंदुरबार गेलं, विसरवाडी गेलं. नवापूरच्या अलीकडे त्यांनी मला ढोसलं. माय आता परत कुठे दिसेल?

“सुरतेतच,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, गोणी जवळ ओढली आणि खिसा चाचपून बघितला. त्यात आणखी एक नाणं वाजलं.